सभासद नको, साहेब हवा?

बीड जिल्ह्यात ‘एक संस्था काढू या’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी खिसा चाचपतो. त्यात त्याचा दोष नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या दारात आपल्याच ठेवीसाठी रांगा लावलेली माणसं गावोगाव आहेत, आणि मल्टिस्टेट पतसंस्थांनी दिलेला घाव तर अजून ओला आहे. अशा मुलखात मराठीसाठी खुलं, मोफत सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आपली ना-नफा संस्था काढावी, तिला सभासद असावेत, त्यांनी वर्गणी भरावी आणि मत द्यावं, असं सुचवलं की मिळणारं उत्तर मला आता पाठ झालं आहे. ते अंबाजोगाईत मिळतं आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्याच पोरांकडूनही मिळतं. देणारी माणसं शहाणी असतात, त्यांना हिशेब कळतो, म्हणून ते कानाआड करता येत नाही.

उत्तर असं: “सभासद-बिभासद काही नको. सभासद आले की गट आले, गट आले की निवडणूक, आणि निवडणूक आली की संपलं. सहकाराचं काय झालं ते बघितलं ना? एक स्वच्छ, जाणता माणूस बघा. दोन संचालकांची कलम ८ची कंपनी काढा. एखाद्या मोठ्या कंपनीचा सीएसआर मिळवा आणि कामाला लागा.”

ऐकायला हे मोठं व्यवहारी वाटतं. बीडच्या अनुभवातून काढता येण्यासारखा सगळ्यांत उलटा निष्कर्ष मात्र हाच आहे, आणि तो का उलटा आहे ते सविस्तर सांगायला हवं.

आधी पैशाचं. ‘सॉफ्टवेअर फुकट आहे, मग पैसा लागतो कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. त्यांना गेवराईच्या किंवा शिरूर कासारच्या एखाद्या सेवा केंद्रात अर्धा तास बसवावं. लाभार्थ्यांची यादी उघडलेली आहे, कुऱ्हाडे आडनावाचा माणूस टेबलापुढे उभा आहे. ऑपरेटर आडनाव टाइप करून शोधतो आणि यंत्र सांगतं, असं नाव यादीत नाही. नाव तर दोघांनाही पडद्यावर दिसतंय! घोळ ‘ऱ्हा’मध्ये आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवलं जातं: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा ‘र’ घेऊन पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखीच उमटतात. यादी एका कीबोर्डवर टाइप झाली आणि शोध दुसऱ्यावरून घेतला की कुऱ्हाडे सापडत नाहीत, गोऱ्हे सापडत नाहीत, आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइलही सापडत नाही.

हिंदीला हे अक्षर लागत नाही. त्यामुळे दिल्लीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या माणसाची यापायी झोप उडण्याचं कारण नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांचंही तेच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, तरी हिंदी वळणाचा ‘ल’ आजही आपल्या दाखल्यांवर बिनधास्त छापून येतो. हे दुरुस्त करणं अवघड नाही. पण ते एकदा करून भागत नाही. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती येते, मोबाइलचा कीबोर्ड बदलतो, शब्दकोशाची फाइल जुनी पडते, आणि कुणीतरी पुन्हा बसून तेच काम करायचं असतं. याला देखभाल म्हणतात. उद्घाटनाला पाहुणे येतात, देखभालीला कुणी येत नाही.

आजवर हे काम कुणी केलं? ‘लोहित’ हे टंक रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे सुंदर टंक खुल्या परवान्यावर दिले, ते गूगलच्या पाठबळावर. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीवर उभा राहिला आणि त्याने मराठीतूनही धडे दिले. या सगळ्यांचे उपकार आहेत, ते नाकारायचे नाहीत. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी काम सुरू करायचं की थांबवायचं हे पैसा देणारा ठरवतो. २०१९मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली, तेव्हा ‘लोहित’ वापरणाऱ्या मराठी माणसाला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला? वापरणाऱ्यांच्या वतीने बोलेल असं आपल्याकडे कुणी नव्हतंच. केरळात स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग ही मंडळी २००२पासून एकत्र आहेत, आणि मलयाळम लिपीचा प्रश्न निघाला की त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

आता बीडचा पुरावा. तो माझ्या विरोधकांचा हुकमी पत्ता आहे, म्हणून तोच आधी उलटून पाहू.

मल्टिस्टेटमध्ये ज्यांची आयुष्याची कमाई अडकली, त्यांनी संचालक निवडताना मत कधी दिलं होतं? ठेव ठेवायला गेलेल्या माणसापुढे पावतीबरोबर आणखी एक कागद सरकवला जातो, तो न वाचता सही करतो आणि ‘नाममात्र सभासद’ होतो. ठेवीदाराला असं सभासद करून घेण्याची पद्धत सर्रास आहे. आणि कायदा सांगतो की नाममात्र सभासदाला मत नाही, कारभारात हक्क नाही. नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे, ठेवी आष्टी-पाटोद्याच्या, आणि मताचा अधिकार मूठभरांच्या हातात. हा सभासदांच्या राज्याचा पराभव कसा म्हणायचा? त्यांचं राज्य तिथे आलंच कधी होतं?

सहकारी संस्थांमध्ये मत असतं, हे खरं. पण ज्यांनी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्यांना ती कशी चालते हे सांगायला नको. मांडव, सतरंज्या, व्यासपीठावर हार, माइकवर एक जण विषय वाचतो: विषय क्रमांक पाच, मंजूर? पुढच्या तीन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’. मागून कुणी कागद हातात घेऊन उठला तर त्याच्यापर्यंत माइक पोचत नाही. अहवाल आदल्या आठवड्यात मिळायला हवा होता, तो सभेच्या दारात मिळतो. कोण क्रियाशील सभासद आणि कोण अक्रियाशील, याची यादी कोण करतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं सगळं होऊन संस्था बुडते, प्रशासक येतो, आणि मग निष्कर्ष काय काढायचा, तर सभासदांना अधिकार दिले म्हणून बुडाली! कुंपणाने शेत खाल्लं आणि आपण दोष पिकाला देतोय.

आणि ज्या दुसऱ्या रचनेची शिफारस चालली आहे, ती मराठवाड्याला नवीन आहे की काय? मोजकी माणसं, सभासद नाहीत, निवडणूक नाही, निर्णय झटपट. आपल्याकडे तिला शिक्षण संस्था म्हणतात. वडील अध्यक्ष, मुलगा सचिव, सूनबाई कोषाध्यक्ष. त्या घराच्या कर्त्याला आपण ‘संस्थाचालक’ म्हणतो, आणि तो शब्द मराठवाड्यात कुणी कौतुकाने उच्चारत नाही. अनुदानित जागेवर शिक्षक म्हणून लागताना काय मोजावं लागतं, हे ज्याने मोजलंय त्याला विचारा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात अशा माणसाला ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ असा गमतीचा किताब आहे. गंमत त्यांच्याकडे असेल. आपल्याकडे तो माणूस चालत आलेला आहे, आणि त्याची दुसरी पिढी कशी निघते हेही आपण पाहिलंय.

इथे कुणी म्हणेल, की बाबा, चांगल्या संस्थाही एकेका माणसाच्या तळमळीवरच उभ्या राहिल्या. अंबाजोगाईचीच उदाहरणं देतील: स्वामी रामानंद तीर्थ ज्या योगेश्वरीत शिकवत होते ती शाळा, किंवा डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२मध्ये सुरू केलेलं मानवलोक. मला हे शंभर टक्के मान्य आहे. सुरुवात माणूसच करतो, सभा करत नाही. माझं म्हणणं सुरुवातीनंतरच्या काळाविषयी आहे. तो माणूस थकल्यावर, चुकल्यावर किंवा रागावल्यावर काय होतं, त्याविषयी.

थकल्यावर काय होतं ते मार्च २०२४मध्ये जगाने पाहिलं. ‘एक्सझेड’ नावाचं फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे. जगभरच्या लिनक्स यंत्रांत ते मुकाट बसलेलं असतं. सांभाळणारा एकच माणूस, लासे कॉलिन, तोही फावल्या वेळात, बिनपगारी. त्याची तब्येत बरी नव्हती. त्याच्यावर निरनिराळ्या नावांनी दबाव आला, की तुला झेपत नाही, दुसऱ्याला घे. मग ‘जिया तान’ या नावाचा एक मदतनीस दोनेक वर्षं इमानाने राबला, विश्वास कमावला, हक्क मिळवले, आणि एके दिवशी त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपलं लॉग-इन जवळपास अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, त्याने खोदून पाहिलं आणि बिंग फुटलं. कॉलिन वाईट माणूस नव्हता. तो एकटा होता, एवढंच. ‘स्वच्छ, जाणता माणूस बघा’ या सल्ल्यात त्या माणसाच्या तब्येतीची तरतूद कुठे आहे?

रागावल्यावर काय होतं ते त्याच वर्षी सप्टेंबरात दिसलं. वर्डप्रेस आपल्या इथे घरोघरी आहे. जिल्ह्याजिल्ह्यातली बातम्यांची संकेतस्थळं, महाविद्यालयांची पानं त्यावर चालतात. वर्डप्रेसला २०१०पासून एक प्रतिष्ठान आहे, बोधचिन्हाची आणि नावाची मालकी त्याच्याकडे आहे. पण ज्या ठिकाणाहून जगभरची लाखो संकेतस्थळं आपले नवे भाग उतरवून घेतात, ते वर्डप्रेस डॉट ऑर्ग खुद्द मॅट मुलेनवेग यांच्या मालकीचं आहे, हे बहुतेकांना तेव्हा कळलं. डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी त्यांचं भांडण जुंपलं आणि त्यांनी त्या कंपनीची वाटच अडवली; कंपनीच्या ग्राहकांची अद्ययावत होण्याची सोय बंद. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन त्या ठिकाणी ताब्यात घेऊन नाव बदलून टाकलं गेलं. भांडणात कोण बरोबर याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. प्रतिष्ठान होतं, कागदपत्रं होती, आणि किल्ली एका खिशात होती. संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे, टंकाच्या नावाची नोंदणी कुणाची, हे प्रश्न पहिल्या बैठकीत विचारले तर विचारणारा संशयी ठरतो. विचारावेतच.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने हे शहाणपणाने केलं. त्याचे जनक गुइडो व्हान रॉसम जुलै २०१८मध्ये वादाला कंटाळून बाजूला झाले. त्यांनी वारस नेमला नाही. काम करणाऱ्यांनी काही महिने भांडून, चर्चा करून पाच जणांची समिती निवडून द्यायचं ठरवलं, आणि नियम घातला की एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त जण त्या पाचांत नकोत. एका ओळीचा नियम आहे, पण मोठी कंपनी नोकरांमार्फत समिती गिळते ती वाट त्याने बंद होते.

आता त्या सीएसआरकडे येऊ.

कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावतं. ही रक्कम घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण ती कशासाठी मिळते ते बघा. ‘चालू प्रकल्प’ म्हटला तरी नियमानुसार तो सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांच्या आत आवरावा लागतो. सत्तर लॅपटॉप वाटले, संगणक कक्षाला रंग दिला, फीत कापली, फोटो निघाले, हे त्या चौकटीत नीट बसतं. ‘ऱ्हा’ची देखभाल दर वर्षी, कायम, हे बसत नाही. शिवाय जो विभाग हा पैसा देतो तो आपल्याला निवडतो, आपण त्याला निवडत नाही. पुढच्या वर्षी त्याचं लक्ष पाणलोटाकडे वळलं की आपण मोकळे.

एकाच दात्यावर विसंबण्याचं हेच दुखणं परदेशातही आहे. मोझिला ही ना-नफा प्रतिष्ठानाच्या छत्राखालची नावाजलेली संस्था. तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं गूगलकडून येतो, म्हणजे ज्याच्या ब्राउझरशी स्पर्धा त्याच्याच पैशावर. उलट टोकाला ओपनएसएसएल. जगातल्या बँकांचे, दुकानांचे व्यवहार ज्या कुलपाच्या भरवशावर चालायचे ते सांभाळणाऱ्यांना २०१४पर्यंत वर्षाला देणग्या मिळायच्या सुमारे २,००० डॉलर. त्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हे भगदाड उघडं पडलं, आणि मग कंपन्यांनी घाईघाईने पैसे जमवले. वापरणारे कोट्यवधी, वर्गणीदार शून्य. त्यामुळे वर्गणीची कल्पना भाबडी आहे असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की भाबडं कोण?

परदेशी देणगीचा रस्ता तर आपल्यासाठी जवळपास बंदच समजा. एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने आपल्या उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरतो, आणि एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. अमेरिकेत छोटे प्रकल्प मोठ्या संस्थेच्या छत्रीखाली जातात आणि ती त्यांचा हिशेब सांभाळते. ती सोय या मार्गाने इथे होत नाही. आणि छत्रीही कायमची नसते: ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या तिकडच्या मोठ्या छत्रीने २०२४मध्ये आपण बंद होतोय असं कळवलं आणि शेकडो गटांना दुसरा आसरा शोधावा लागला.

या ठिकाणी विरोधक विकिमीडिया इंडियाचं उदाहरण काढतात, आणि काढावंच. २०११मध्ये बंगळुरूत नोंदलेली ही सभासदांची संस्था, तिच्यात विकिपीडियाचे मराठी कार्यकर्तेही होते. २०१९मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या बाजूने तिची मान्यता काढून घेण्यात आली. “बघा, सभासदांची संस्था!” पण ती अडकली कुठे? परदेशातून येणारा पैसा कायदेशीरपणे घेण्याची सोय तिला वर्षानुवर्षं उभी करता आली नाही, कागदोपत्री पूर्तता रखडली. सगळा भार परदेशी निधीवर टाकण्याच्या रचनेचा तो पराभव होता. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून चालू आहे, आणि लिहिणारे त्यानंतरही लिहीतच राहिले.

सरकारचा पैसा? केंद्राने २०१५मध्ये सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं, धोरण चांगलं आहे. पण सरकारी निधीचा एक नमुना आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं. गाळल्या जाणाऱ्या उसावर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे, अशी त्याच्या निधीची सोय. कल्पना उत्तम आहे: वापराच्या प्रमाणात, दर हंगामाला, आपोआप. दात्याच्या मर्जीपेक्षा शंभर पटीने बरी. फक्त त्या महामंडळात कोयत्याला मत नाही. दिवाळीनंतर धारूर-वडवणीहून गाड्या भरून जाणाऱ्या जोडप्याने पदाधिकारी निवडायचा नसतो. वसतिगृह आधी की विमा आधी, हे त्यांच्यासाठी दुसरे ठरवतात. निधीची पक्की सोय आणि कारभारावर हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली की दुसरी मागायचं आपण विसरतो.

मग पैसा आणायचा कुठून? गावचा हरिनाम सप्ताह कसा उभा राहतो ते आठवा. घरटी वर्गणी, कुणी धान्य देतो, कुणी एका दिवसाची पंगत उचलतो, आणि काल्याच्या दिवशी जमाखर्च माइकवर वाचला जातो. मोठा देणारा असतो, त्याचं नाव जोरात घेतलं जातं. पण त्याने हात आखडला म्हणून सप्ताह बंद पडत नाही. हेच गणित मांडू. जिल्ह्यात अकरा तालुके. तालुक्यामागे छापखाने, पतसंस्था, महाविद्यालयं, सेवा केंद्रं आणि हौशी मंडळी मिळून चाळीस सभासद, वर्षाला ५०० रुपये. झाले २ लाख २० हजार. यात पूर्ण वेळ प्रोग्रॅमर मिळणार नाही, पण सर्व्हर चालेल आणि इथलाच अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेला एखादा मुलगा वा मुलगी अर्धवेळ ठेवता येईल. हे एका जिल्ह्याचं झालं. मराठी काही बीडपुरती नाही.

मोठ्या रकमाही लोकांकडून उभ्या राहतात. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२मध्ये एक लाख युरो देऊन गुंतवणूकदारांकडून सोडवून घेतलं, ते वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून, सात आठवड्यांत. ओरॅकलच्या ताब्यातल्या ओपनऑफिसमधून बाहेर पडलेल्यांनी लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी जर्मनीत प्रतिष्ठान काढायचं ठरवलं तेव्हा भांडवलाचे ५० हजार युरो आठ दिवसांत जमले, फेब्रुवारी २०११मध्ये. मोठे दातेही घ्यावेत. झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याला अर्ज जरूर करावा. फक्त नियमावलीत लिहून ठेवावं, की वर्षाच्या खर्चाचा एक चतुर्थांशाहून जास्त वाटा कुणाही एकाकडून घ्यायचा नाही, आणि दात्याला मत एकच.

सेवा विकून कमाई करण्याचा सल्लाही मिळतो: शिकवण्या घ्या, पतसंस्थांना बसवून द्या. तो बरोबर आहे, पण आयकरातली अट बघून. सर्वसाधारण लोकोपयोगी काम म्हणून सवलत घेणाऱ्या संस्थेची धंद्यासारखी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की सवलत धोक्यात. म्हणून हे काम सभासदांनी आपापल्या व्यवसायातून करावं आणि संस्थेला वर्गणी द्यावी. लिबरऑफिसचं असंच चालतं. त्यातून हितसंबंधांची भांडणंही होतात, म्हणून त्यांनी एकाच कंपनीच्या माणसांच्या संचालक मंडळातल्या जागांवर मर्यादा घातली आहे.

राहता राहिली ती दोन संचालकांची कंपनी. कलम ८ची खासगी कंपनी काढली की कायद्याने तिला दोनशेच्या वर सभासद घेता येत नाहीत. म्हणजे वर काढलेल्या चारशे चाळीसांपैकी निम्म्याहून जास्त दारातच उभे! सोसायटीला सात माणसं लागतात आणि वरची मर्यादा नाही. महाराष्ट्रात सोसायटीला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते, दर वर्षी लेखापरीक्षण द्यावं लागतं, पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज घालावा लागतो, आणि ते अर्ज किती काळ पडून राहतात यावर बीडमधला कुठलाही वकील तासभर बोलेल. कटकट आहे. पण ती कटकट आहे म्हणूनच कुणी एका रात्रीत संस्था आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही.

सगळ्यांत खरा आक्षेप मात्र मतदार यादीचा आहे, आणि त्यावर माझे विरोधक बरोबर आहेत. पाचशे रुपये भरून कुणीही सभासद होणार असेल तर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एखादा पुढारी दोनशे पावत्या फाडून संस्था खिशात घालेल. तेव्हा पावतीबरोबर कामही लागेल. लिबरऑफिसच्या प्रतिष्ठानात सभासदत्व कामावर मिळतं आणि दर वर्षी नव्याने मागावं लागतं. डेबियन या स्वयंसेवकांच्या लिनक्स प्रकल्पात नव्या माणसाची आधी ओळख पटवतात, त्याचं काम तपासतात, मग मत देतात. १९९८पासून तिथे लिखित घटना आहे, प्रमुख दर वर्षी निवडला जातो, आणि तिथली भांडणं वाचली तर आपली जिल्हा परिषद सभ्य वाटावी. तरीही डेबियन चालू आहे. आपल्याकडे काम म्हणजे फक्त प्रोग्रॅमिंग असं समजू नये: शब्दकोशात शंभर शब्द तपासले, चूक पुराव्यासह कळवली, सेवा केंद्रात चार जणांना शिकवलं, हेही काम. आणि मताचा हक्क पहिले सहा महिने नाही.

आणखी एक. आपल्याकडच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत तळाला एक ओळ असते: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल, व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. निम्म्या संस्था या एका ओळीवर बळकावल्या गेल्या आहेत. चहा होईपर्यंत अर्धा तास जातो आणि सात माणसं हजारोंचा निर्णय करून घरी जातात. विरोधक म्हणतील, ही ओळ काढली तर सभा कधी भरायचीच नाही. डेबियनमध्ये मतदान दोन आठवडे चालतं, घरबसल्या होतं, आणि गणपूर्ती सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपटीवर ठरते: हजार सभासद असतील तर अठ्ठेचाळीसेक मतं पुरतात. चारशे चाळीस असतील तर बत्तीस. अकरा तालुक्यांतून बत्तीस माणसं दोन आठवड्यांत फोनवरून मत द्यायला तयार होत नसतील, तर त्या वर्षी काही मंजूर होणार नाही, आणि कोषाध्यक्षाने जुन्याच अंदाजपत्रकावर सर्व्हरचं बिल भरावं.